छापण्यापूर्वीचे वाचक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" वडील म्हणाले, "मुद्रितशोधनाचं काम करते." पाहुण्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. "म्हणजे सरकारी नोकरी!" त्यांना वाटलं, मुद्रांकांची कचेरी. वडिलांनी तो गैरसमज दूर केला नाही. मी केला. चूक दिसल्यावर मुद्रितशोधकाला गप्प बसवत नाही, दुसरं काय! लग्न तरीही झालं. पण मी नेमकं काय करते हे सासरच्या मंडळींना कळायला पुढे पाच-सहा वर्षं गेली.

आज बोलायचं आहे ते याच कामाविषयी, आणि त्याच्या शेजारपाजारच्या कामांविषयी. लिहिणारा एक असतो. पण त्याचं लिहिणं छापून तुमच्या हातात येईपर्यंत चार-पाच जणांच्या नजरेखालून गेलेलं असतं. हे सगळे तुमच्या आधीचे वाचक. त्यांची नावं पुस्तकात सहसा नसतात. असली तर प्रकाशकाच्या पत्त्याखाली, बारीक टाइपात.

१९५५ साली आपल्याकडे श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. पत्रकार कोणाला म्हणायचं याची त्यात यादीच होती. संपादक, अग्रलेख लिहिणारा, वृत्तसंपादक, उपसंपादक, फीचर लिहिणारा, कॉपी-टेस्टर, बातमीदार, वार्ताहर, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार आणि सर्वांत शेवटी प्रूफरीडर. शेवटी का होईना, पण कायद्याने आम्हाला पत्रकारांच्या पंगतीत बसवलं होतं. माझे एक ज्येष्ठ सहकारी ही यादी पाठ म्हणून दाखवत. पगारवाढीच्या बोलण्यांच्या दिवसांत तर हमखास. त्या यादीतला कॉपी-टेस्टर मात्र मला अख्ख्या आयुष्यात कुठे भेटला नाही. तुमच्यापैकी कोणाला भेटला असेल तर जरूर कळवा.

मराठीत आपण सगळ्यांनाच संपादक म्हणतो आणि तिथे घोळ होतो. वर्तमानपत्राचा संपादक वेगळा. पत्राची भूमिका त्याची, आणि छापलेल्या मजकुरावरून कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तीही त्याच्यावरच येते. पूर्वी तर संपादक म्हणजे सबकुछ. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचं जवळजवळ सगळं लेखन त्यांनी एकट्याने केलं. दिवाळी अंकाचा संपादक आणखी वेगळा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून का. र. मित्रांनी जी प्रथा पाडली, तिच्यामुळे भाद्रपद-आश्विनात आम्हा मुद्रितशोधकांना जेवायला फुरसत मिळत नाही. फराळ करायचा राहतो तो वेगळाच.

उपसंपादकाबद्दल बाहेरच्या लोकांना फारच कमी माहिती असते. उपसंपादक म्हणजे संपादकाचा मदतनीस, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात तो रात्रपाळीला बसून बातम्या निवडतो, कापतो, त्यांना मथळे देतो, पान लावतो. आणि मराठी वर्तमानपत्रातला उपसंपादक अर्धा अनुवादक असतो. वृत्तसंस्थांच्या बातम्या वर्षानुवर्षं इंग्रजीतून येत आल्या. त्या रात्री अकरा वाजता येणार आणि सव्वाअकराला मराठीत हव्या असणार. सकाळी तुम्ही चहा पिताना ज्या मराठीला नावं ठेवता, ती पंधरा मिनिटांत जन्मलेली असते हे कृपा करून लक्षात ठेवा.

पुस्तकाचा संपादक ही तर आपल्याकडे दुर्मीळच जात. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं इथे घ्यावीच लागतात. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांच्यासाठी त्यांनी जे केलं ते काना-मात्रा तपासणं नव्हतं. लेखकाला पत्रं लिहायची, प्रश्न विचारायचे, हा शेवट तुम्हाला खरंच हवा आहे का असं म्हणून कथा परत पाठवायची, पुन्हा लिहायला लावायची. काही लेखक चिडत, काही कायमचे दुरावत, बरेचसे आयुष्यभर ऋण मानत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. पटवर्धनांचं नाव आज सर्वसामान्य वाचकाला ठाऊक आहे ते ‘पाडस’ या अनुवादामुळे. इतरांच्या कथांमध्ये त्यांचं जे वर्षानुवर्षांचं काम मुरलं आहे, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. चांगल्या संपादनाची खूणच ती, की ते दिसत नाही. मग त्याचं श्रेय द्यायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

या बाबतीत मराठी विश्वकोशाची एक पद्धत मला फार आवडते. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. पण नोंद मुळात इंग्रजीत लिहिलेली असेल तर लेखकाच्या नावापुढे कंसात ‘इं.’ असतं, आणि लगेच दुसरं नाव, त्यापुढे कंसात ‘म.’. तो ‘म.’ म्हणजे ज्याने ती मराठीत आणली तो माणूस. एका अक्षरात का होईना, त्याची दखल घेतलेली आहे. ‘शब्दांकन’ करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी एवढंही मिळत नाही. मोठ्या माणसाच्या आठवणी महिनोन्‌महिने ऐकायच्या, त्याच्याच आवाजात लिहून काढायच्या, आणि पुस्तकाच्या समारंभात तिसऱ्या रांगेत बसायचं. असो.

आता आमच्याकडे येते. मी १९७४ मध्ये पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात लागले. तळमजल्यावर खिळे जुळवणारे जुळारी, मागे छपाईची यंत्रं, आणि जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. ते आमचं खातं. तिथे माझ्याआधीपासून एक वयस्कर गृहस्थ होते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मास्तरच म्हणत असू. पहिलं प्रूफ निघे ते गॅलीचं, लांबच लांब कागदाच्या पट्टीवर. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. वाचायचं म्हणजे कसं? "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद नवा परिच्छेद." एका सुरात, कीर्तनाला चाल लावल्यासारखं. दुपारच्या वेळी जुळारी म्हणत, "मास्तर, तुमच्या पोथीने झोप येते हो!" त्यानंतर पानांचं प्रूफ, मग सोळा पानांचा फर्मा बांधून यंत्रावर चढला की शेवटचं मशीन प्रूफ. त्यावर सही केली की छपाई सुरू.

या सहीची किंमत मला १९७६ साली कळली.

एक शेतीविषयक पुस्तिका होती. तीन हजार प्रती. फवारणीच्या औषधांचं कोष्टक होतं त्यात. दहा लिटर पाण्यात अमुक औषध १.५ मिलिलिटर. कोष्टक मी तीनदा वाचलं होतं, मास्तरांनीही वाचलं होतं. मशीन प्रूफ बरोबर. सही माझी. दोन दिवसांनी बाइंडरकडून घड्या घातलेले काही फर्मे आले. सवयीने एक उलगडून पाहिला, तर १५. पुढचा पाहिला, १.५. त्यापुढचा, पुन्हा १५.

माझ्या पोटात गोळा आला. झालं होतं असं, की छपाई सुरू झाल्यावर केव्हातरी दाबाने ते दशांश चिन्हाचं टिंब मोडून गेलं होतं. खिळ्यांच्या छपाईत हे नेहमीचंच. अनुस्वाराचं टिंब उडायचं, वेलांटीचं टोक उडायचं. अनुस्वार उडाला तर वाचक समजून घेतो. इथे दहापट औषध पडणार होतं. पुस्तिका लिहिणारे शेतकी अधिकारी सायकलवरून धावत आले. त्यांनी एवढंच सांगितलं, की या प्रमाणात फवारलं तर पिकाची पानं करपतील आणि फवारणाऱ्या माणसाचं काय होईल ते निराळंच.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात पुस्तिका वाटायच्या होत्या. शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी असं कोणीतरी सुचवलं. मालक म्हणाले, "चिठ्ठी पहिल्या दिवशी पडते. शेतकरी पुस्तिका गोठ्यात ठेवतो, चिठ्ठी नाही." संध्याकाळी सहा वाजता सगळ्या प्रती परत मागवल्या. मालक, त्यांची पत्नी, मास्तर, दोन जुळारी, यंत्रावरचा माणूस, ते अधिकारी आणि मी, असे आठ जण जमिनीवर बसलो. प्रत्येक प्रत उघडायची, ते पान काढायचं, टिंब आहे की नाही पाहायचं, नसेल तर बारीक निबेने काळ्या शाईचं टिंब द्यायचं, वाळू द्यायचं, मिटायचं. मला घरी सोडायला नको म्हणून माझा धाकटा भाऊ येऊन बसला आणि त्याच्याही हातात निब दिली गेली. पहाटे चारला संपलं. अठराशेहून जास्त टिंबं आम्ही हाताने दिली. ज्याच्या हाती ती पुस्तिका पडली त्याला यातलं काहीही कळलं नसणार. कळू नये म्हणूनच तर ती रात्र.

चूक कोणाची? माझं प्रूफ बरोबर होतं, मला कोणी बोललं नाही. पण मास्तर घरी जाताना म्हणाले, "छपाई चालू असताना मधून मधून एक कागद उचलून बघायचा. सही केली म्हणजे काम संपत नाही." तेव्हापासून मी छपाई संपेपर्यंत छापखाना सोडला नाही. नवऱ्याने यावरून आयुष्यभर मला चिडवलं.

मजेच्या चुकाही पुष्कळ. ५ सप्टेंबरच्या पुरवणीत ‘शिक्षक दिन’चा ‘शिक्षक दीन’ होता होता राहिला. मास्तर म्हणाले, "राहू द्या, पगार बघता बरोबर आहे." ‘पीक’ आणि ‘पिक’, ‘सूत’ आणि ‘सुत’, ‘मिलन’ आणि ‘मीलन’. एका वेलांटीने किंवा उकाराने शेत जाऊन कोकिळा येते, धागा जाऊन मुलगा येतो, आणि प्रेमिकांच्या भेटीऐवजी नुसते डोळे मिटतात. हल्ली संगणकावर विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचं चिन्ह टाइप करतात. निधनाच्या बातमीत ‘दु:खद’ शब्दातली ती दोन टिंबं नीट पाहा, बहुतेक वेळा ती विसर्गाची नसतात.

पण नियमांचं ज्ञान म्हणजे आमचं काम, असा एक समज आहे. आमच्यातल्याच अनेकांचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. मी लागले तेव्हा वयस्कर जुळाऱ्यांचे हात अजून जुन्या वळणाचे होते. डोळा ‘नाव’ वाचायचा आणि हात सवयीने ‘नांव’ जुळवायचा. ती टिंबं काढता काढता माझी पहिली दोन वर्षं गेली. नवा नियम शिकलेल्या माणसाला जो उत्साह असतो तो मला भरपूर होता. आता वाटतं, त्या नियमांमधला सर्वांत शहाणा भाग मी तेव्हा वाचलाच नव्हता. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापायचं असेल तर ते मुळाप्रमाणेच छापावं, असं त्यांत म्हटलं आहे. म्हणजे आपली हद्द कुठे संपते हे नियम करणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे.

ही हद्द ओलांडली जाण्याचा इतिहासही जुनाच. मेजर थॉमस कँडी हे इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात मराठीचे केवढे मोठे तपासनीस होते! मोल्सवर्थच्या कोशाला त्यांचा हातभार होता. शिक्षण खात्याच्या पुस्तकांची मराठी ते तपासत. स्वल्पविराम, अर्धविराम आपण आज सहज वापरतो, ते मराठीत रुजवण्याचं श्रेय मुख्यतः त्यांचं. आधीच्या मराठीत दंडापलीकडे फारसं काही नव्हतं. या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीला इंग्रजी वळण लागलं अशी टीकाही त्याच काळापासून होत आली. तपासणाऱ्याचा कान लेखकाच्या भाषेवर स्वार होतो तो असा, आणि त्यात दुष्टपणा मुळीच नसतो.

याउलट मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं बघा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो काढला. तिथल्या संस्कृत ग्रंथांची शुद्धता वाखाणली जाते. ‘काव्यमाला’ या मालेतल्या ग्रंथांच्या पहिल्या पानावर पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांची नावं छापलेली दिसतात, ग्रंथ संशोधित करणारे म्हणून. कवीच्या नावाखाली तपासणाऱ्यांचं नाव, तेही ठळक! मास्तर ते पान मला दाखवत आणि म्हणत, "बघून ठेव. पुन्हा दिसायचं नाही."

माझ्या हातून हद्द ओलांडली गेली ती १९९८ साली. तेव्हा मी घरूनच काम करत होते. खिळे जाऊन संगणक आले होते. बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं आत्मकथन माझ्याकडे आलं. आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणारे. मुलगा कधी त्यांच्याबरोबर फडावर, कधी गावी आजीजवळ. अक्षर सुंदर, भाषा सरळ. एकच गोष्ट खटकत होती. काही पानांवर ‘माय’, काही पानांवर ‘आई’. संवादात असतं तर मी हात लावला नसता, बोलीतलं बोलणं बोलीतच ठेवायचं एवढं कळत होतं. पण हे निवेदनात होतं. एका पुस्तकात एक शब्द एकाच पद्धतीने यावा, हे आमच्या धंद्याचं पहिलं व्रत. मी कागदाच्या कडेला लिहिलं, ‘सर्वत्र आई करावे.’

संगणकावर बसणाऱ्या मुलाने एक आज्ञा दिली आणि सगळ्या ‘माय’च्या ‘आई’ झाल्या. पुढच्या प्रुफात ‘मायबाप सरकार’चं ‘आईबाप सरकार’ झालेलं. ‘मायाळू’चं काय झालं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. त्या सगळ्या गमती मी एकेक करून शोधल्या, दुरुस्त केल्या, आणि आपण किती बारकाईने वाचतो असं स्वतःवर खूश झाले.

मग एके दिवशी ते शिक्षक स्वतःच आले. रात्रभर एसटीचा प्रवास करून, कापडी पिशवीत प्रुफं घेऊन. मी चहा केला. ते बराच वेळ पिशवीचे बंद सोडत बसले. मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? रागावू नका. हे आई कोणी केलं?"

मी म्हटलं, "मीच केलं, गुरुजी. दोन्ही शब्द येत होते, म्हणून एकसारखं केलं."

ते म्हणाले, "दोन्ही येणारच ना. घरी ती मायच होती. डी.एड.ला शहरात गेलो तेव्हा पोरं हसायला लागली, म्हणून मी चारचौघांत आई म्हणायला लागलो. ती एकदा होस्टेलवर भाकरी घेऊन आली, तर मी पोरांना सांगितलं, गावाकडची बाई आहे. ते सांगायसाठीच तर पुस्तक लिहिलंय, ताई."

मला पुढे बोलता येईना. ते प्रकरण मी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. त्यातल्या वेलांट्या मी दुरुस्त केल्या होत्या.

आता यातली अडचण लक्षात घ्या. संगणकाला उलटी आज्ञा देऊन भागणार नव्हतं. मूळच्या ‘आई’ आणि मी केलेल्या ‘आई’ एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. तो भेद आता फक्त हस्तलिखितात होता. म्हणून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. गुरुजी हस्तलिखित वाचत होते आणि मी प्रुफावर एकेक जागा पाहत होते. थेट मास्तरांच्या पोथीसारखं. प्रूफ तपासण्याच्या खुणांमध्ये एक खूण आहे. दुरुस्ती केली, पण मूळचंच बरोबर होतं असं कळलं, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि कडेला ‘स्टेट’ लिहायचं. लॅटिन शब्द आहे. अर्थ एवढाच, की जसं होतं तसं राहू द्या. त्या दिवशी दुपारपासून रात्री नऊपर्यंत मी फक्त हीच खूण करत होते.

शेवटच्या प्रकरणाजवळ एके ठिकाणी मी थांबले. तिथे शहरातला प्रसंग होता, मुख्याध्यापकांशी बोलणं होतं आणि हस्तलिखितात ‘माय’ होतं. मी विचारलं, "गुरुजी, इथे माय कशी?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच विचार केला. म्हणाले, "घाईत लिहिलं असेल. इथं मी आईच म्हणालो होतो. आईच असू द्या." हा प्रश्न मी सहा आठवड्यांपूर्वी एका पोस्टकार्डावर विचारायला हवा होता. तेव्हा पोस्टकार्ड पंचवीस पैशांना मिळत होतं.

पुस्तकाला दोन महिने उशीर झाला. प्रकाशकांनी त्या वाढीव कामाचे पैसे दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. ते योग्य होतं.

हल्ली मला विचारतात, संगणक सगळं तपासतो, मग आता मुद्रितशोधक कशाला? मी पाहिलेल्या वर्तमानपत्रांतून तरी आमची खाती एकेक करून आटत गेली. कोणी निवृत्त झाला की जागा भरायची नाही, असं करत करत टेबलच उचललं गेलं. बातमी लिहिणाऱ्यानेच ती तपासावी, अशी अपेक्षा असते. स्वतःचं लेखन स्वतः तपासणं किती अवघड आहे हे ज्याने केलं आहे त्याला ठाऊक आहे. आपण लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, लिहायचं मनात होतं ते दिसतं. पुस्तकांचं काम अजून आहे, पानामागे ठरलेल्या दराने. तो दर किती हे मी सांगत नाही, कारण तो ऐकून या धंद्यात कोणी यायचं नाही आणि मला तर माणसं यायला हवी आहेत. येतातही. माझ्याकडे दोन मुली शिकायला येतात. एक मराठीत एम.ए. झालेली, एक चक्क इंजिनिअर. यंत्राची मदत त्या भरपूर घेतात, आणि घ्यावीच. ‘दीन’ आणि ‘दिन’ आता यंत्रही ओळखायला लागलं आहे. मी त्यांना नियमांआधी एक वही करायला सांगते, लेखकाला विचारायच्या प्रश्नांची. सुरुवातीला त्या वहीत काहीच नसतं. पहिल्या महिन्यात त्यांना सगळंच येत असतं.

शुद्धलेखनावरून कोणाला हसावं असं मात्र मला वाटेनासं झालं आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत अभिनंदनाचा फलक लागला होता आणि त्यात तीन चुका होत्या. पूर्वी मी शिडी मागवली असती. त्या दिवशी मंडळाच्या मुलाला बोलावून हळूच सांगितलं. तो म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी आधी दाखवतो." आणि गणपतीच्या पत्रिकेच्या वेळी खरंच घेऊन आला.

आता कामं तशीच येतात. लग्नपत्रिका, श्राद्धाची जाहिरात, सोसायटीची सूचना. याचे पैसे नसतात, पेढे मिळतात. गेल्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या एक बाई मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. तपासता तपासता माझ्या लक्षात आलं, की पत्रिकेत खुद्द त्यांच्याच नावातला उकार वर दीर्घ आहे आणि खाली निमंत्रकांत ऱ्हस्व. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रेशन कार्डावर एक आहे, आधारवर दुसरं. तुम्ही शुद्ध असेल ते करा, मला चालेल." नियमाने कोणतं बरोबर ते मला माहीत होतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, "तुम्ही सही कशी करता?" त्यांनी पत्रिकेच्या मागच्या बाजूला सही करून दाखवली.